डेलिरियम आणि ‘एक्सायटेड डेलिरियम’ एक नव्हेत

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा करून ‘एक्सायटेड डेलिरियम’ हे निदान किंवा मृत्यूचं कारण म्हणून लिहायला बंदी घातली. त्या कायद्याचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘मग तिथे डेलिरियमचं निदान आता लिहायचंच नाही का?’ लिहायचं, बिनदिक्कत लिहायचं. बंदी ‘एक्सायटेड डेलिरियम’वर आहे. एक विशेषण लागलं की सगळा अर्थ फिरतो, आणि नेमकं तेच बातम्यांमधून गळतं.

साधा डेलिरियम आपल्या घरांनी पाहिलेला असतो. तापात माणूस बरळायला लागला की ‘वात झाला’ म्हणतात, तो हाच. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजी रात्री सलाइन उपटते, पोटच्या मुलाला ओळखत नाही. सोडियम जागेवर आलं की दोन दिवसांनी शांतपणे चहा मागते. काही पेशंट गुंगून पडतात, काही आरडाओरडा करतात. त्याचं मराठी ‘उन्माद’ करू नये, एवढीच विनंती. उन्माद म्हणजे मेनिया, तो आजार वेगळा.

घोळ होतो तो पुढे. डेलिरियम हे दिसणाऱ्या अवस्थेचं नाव आहे. ते लिहिलं की डॉक्टरचं काम सुरू होतं: संसर्ग आहे का, दारू अचानक सुटली का, कुठलं औषध बाधलं का? ‘एक्सायटेड डेलिरियम’ लिहिलं की शोध तिथेच थांबायचा, कारण पोलिसांनी दाबून धरलेला माणूस दगावला की ते थेट मृत्यूचं कारण म्हणून नोंदवलं जायचं. माणूस बेफाम झाला आणि त्या बेफामपणानेच मेला. त्याला पालथं कुणी पाडलं, पाठीवर किती वजन होतं, हे प्रश्न मग मागे पडायचे.

आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूचं कारण नोंदवायला फॉर्म ४ भरतात. रोग, इजा किंवा गुंतागुंत लिहा, ‘हार्ट फेल्युअर’सारखी मरणाची रीत लिहू नका, अशी सूचना त्या फॉर्मवरच असते. तरी ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळे होणारे आहेतच, आणि त्याची मला मनापासून चीड आहे. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. ते का थांबलं, हे त्या रकान्यात हवं असतं.

१९८५ मध्ये मायामीत शवचिकित्सा करणारे डॉक्टर चार्ल्स वेटली आणि मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड फिशबेन यांनी कोकेन घेऊन अचानक दगावलेल्या काही जणांवर लेख लिहिला, तिथून ‘एक्सायटेड डेलिरियम’ ही संज्ञा पसरली. याच वेटलींनी मायामीतल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांचे मृत्यू कोकेन आणि संभोगाच्या माथी मारले होते. फेरतपासणीत ते श्वास कोंडून केलेले खून ठरले. हे कळल्यावर तरी संज्ञा मागे पडायला हवी होती.

तसं झालं नाही. २०१९ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरात पोलिसांनी दाबून धरलेल्या २३ वर्षांच्या एलायजा मॅक्लेनला याच नावाखाली केटामिन हे गुंगीचं औषध ५०० मिलिग्रॅम टोचलं गेलं, त्याच्या वजनाला फार मोठा डोस. सुधारित शवचिकित्सेने मृत्यूचा संबंध बळाने जखडल्यानंतर दिलेल्या त्या केटामिनशीच जोडला. डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँटिऑकमध्ये बहिणीने मदतीसाठी फोन केला आणि आलेल्या पोलिसांनी ३० वर्षांच्या अँजेलो क्विंटोला जमिनीवर दाबून धरलं. तीन दिवसांनी तो गेला. मानेवर गुडघा होता असं घरच्यांचं म्हणणं, पोलिसांनी ते नाकारलं. मृत्यूचं कारण मात्र ‘एक्सायटेड डेलिरियम’ ठरलं.

शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२३ मध्ये या संज्ञेचा पाठिंबा काढून घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एबी ३६० या बंदीच्या कायद्यावर सही झाली. अशी बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य.

‘ही तर शब्दांची पोलिसगिरी’ म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. निदान किंवा मृत्यूचं कारण म्हणून ही संज्ञा चालणार नाही, पोलिसांच्या अहवालात नाही आणि दिवाणी दाव्यातल्या पुराव्यातही नाही. वर्णनाला पूर्ण मुभा आहे. माणूस ओरडत होता, घामाने निथळत होता, कपडे काढून टाकत होता, हे सगळं लिहिता येतं. त्याच ओघात, त्याला किती मिनिटं पालथं दाबून धरलं होतं, हेही लिहायला हवं.