कॉन्ट्रास्टच्या बाटलीतला धातू : एक पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर 'एमआरआय ब्रेन, प्लेन अँड कॉन्ट्रास्ट' अशी चिठ्ठी ठेवली की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "क्रिएटिनिन केलंय का?" म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. सावंतवाडीहून नाहीतर निपाणीहून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस वैतागतो. "आवो, डोस्कं दुखतंय माझं, किडनीचं काय काढलायसा?" प्रश्न रास्त आहे. पण काउंटरवर रांग असते, आणि उत्तर एका वाक्यात मावणारं नाही.

कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून दिलेलं औषध. एमआरआयच्या वेळी हाताच्या शिरेतून जे रंगहीन औषध सोडतात, त्यात गॅडोलिनियम हा धातू असतो. नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर औषध, आणि त्यात जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम. हा धातू शरीरात मोकळा सुटला तर विषारी आहे. त्याच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाच्या इतका जवळ जातो की कॅल्शियमच्या वाटांवर तो ठाण मांडून बसतो, फॉस्फेटशी जुळून साका धरतो. तेव्हा औषध बनवणाऱ्याचं खरं कौशल्य धातू निवडण्यात कमी आणि तो बांधून ठेवून, बांधलेल्या अवस्थेतच शरीराबाहेर काढण्यात जास्त. हे कळायला शंभरेक वर्षं गेली आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली.

सुरुवात क्ष-किरणांपासून. राँटगेनने १८९५च्या नोव्हेंबरात ते शोधले. जानेवारी १८९६मध्येच व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेन्थाल या दोघांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि खनिज तेल यांचं मिश्रण भरून चित्र काढलं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड. पारा जड, किरण अडवतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांचं जाळं लख्ख उमटलं. जिवंत माणसाला हे देणं शक्यच नव्हतं.

मग बिस्मथ आला. हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना वॉल्टर कॅननने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलं खाणं घालून आतड्यांच्या हालचाली पाहिल्या. १९०४मध्ये म्युनिकच्या हेरमान रीडरने माणसांसाठी बिस्मथ सबनायट्रेटचं 'जेवण' रूढ केलं. घोटाळा त्यातल्या नायट्रेटचा होता. आतड्यांतले जिवाणू त्याचं नायट्राइट करत, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाई, आणि काही पेशंट दगावले. १९१०मध्ये बॉनच्या बाखेम आणि ग्युंटर यांनी त्या जागी बेरियम सल्फेट आणलं. बेरियमचे विरघळणारे क्षार जहाल विष, बेरियम कार्बोनेट तर उंदीर मारायला वापरत. सल्फेट मात्र पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून तोंडाने घेतलेलं तसंच्या तसं पुढे निघून जातं. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात अनोशापोटी तो पांढरा, दाट, खडूच्या चवीचा ग्लास घशाखाली उतरवलेले लोक कोल्हापुरात अजून आहेत. 'बेरियम मील' म्हटलं की त्यांचं तोंड आजही वाकडं होतं. पण रसायन म्हणून ते नामी होतं. सव्वाशे वर्षांच्या या गोष्टीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दगाबाज धातू कुठला, असं विचारलं तर मी बेरियमचं नाव घेईन.

थोरोट्रास्टबद्दल असं म्हणता येत नाही. थोरियम डायऑक्साइडचं हे कलिल द्रावण १९३०च्या सुमारास बाजारात आलं. चित्रं अप्रतिम, टोचल्यावर त्रास नाही, उलटी नाही, अंगावर पित्त नाही. लिस्बनच्या एगास मोनिझने मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी ते वापरलं, पुढे जगभर लाखो पेशंटना दिलं गेलं. ते यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसायचं आणि तिथून हलायचंच नाही. थोरियम किरणोत्सारी, त्याचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं. वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग दिसायला लागले, तोवर टोचून घेतलेल्यांना काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. किरणोत्सार घातक असतो हे १९३०मध्ये ठाऊक होतं आणि तेव्हाही काही डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून याला अज्ञानाचा अपघात म्हणायला माझं मन धजत नाही.

रक्तवाहिन्यांचं काम पुढे आयोडीनच्या संयुगांनी उचललं. सीटी स्कॅनला आजही तेच देतात. आयोडीन धातू नाही, म्हणून त्याची कथा इथे बाजूला ठेवू. एक धागा तेवढा लक्षात असू द्या. आयोडीनच्या जुन्या औषधांवर विद्युतभार असायचा, ती रक्तापेक्षा फार घट्ट असायची, म्हणजे त्यांत विरघळलेले कण फार असायचे, आणि ती शिरेत आग करायची. भाररहित रूप आलं आणि त्रास घटला. हा अनुभव पुढे नको तिथे वापरला गेला.

एमआरआयचं गणितच निराळं आहे. क्ष-किरणांत धातू स्वतः दिसतो. एमआरआयमध्ये चित्र उमटतं ते शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनचं. चुंबकाच्या क्षेत्रात असलेले हे प्रोटॉन रेडिओलहरीने ढळतात आणि परत मूळ अवस्थेत येतात. या परतीला लागणाऱ्या वेळाला टी-वन म्हणतात. जवळ एखादा चुंबकीय धातू असला तर प्रोटॉन लवकर परततात आणि तो भाग उजळ दिसतो. फेलिक्स ब्लॉकने १९४०च्या दशकातच पाण्यात फेरिक नायट्रेट टाकून हा परिणाम पाहिला होता. पॉल लॉटरबरने १९७३मध्ये चुंबकीय अनुनादातून चित्र काढायची रीत दाखवली आणि १९७८मध्ये त्याच्याच गटाने कुत्र्यांना मँगनीजचा क्षार देऊन हृदयाचा मेलेला भाग वेगळा ओळखून दाखवला.

गॅडोलिनियमकडे सगळे वळले ते त्याच्या सात एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे. एवढे एकांडे इलेक्ट्रॉन असलेल्या आयनाचा शेजारच्या पाण्यावर जोर मोठा. मेंदूत रक्त आणि पेशी यांच्यामधली भिंत शाबूत असेल तर हे औषध रक्तातच राहतं. गाठ असेल, गळू असेल, आपल्याकडे नेहमी सापडणारा क्षयाचा ट्युबरक्युलोमा असेल, तर भिंत फुटलेली असते. औषध तिथून झिरपतं आणि चित्रात पांढरं कडं उमटतं. डॉक्टर 'रिंग' म्हणतात ती हीच.

गॅडोलिनियमच्या घराण्याला कोल्हापूर अगदीच परकं नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत एसजी आयर्न (एक चिवट ओतीव लोखंड) ओतणाऱ्याला 'रेअर अर्थ' म्हणजे दुर्मिळ मृदा धातूंबद्दल विचारा. लॅडलमध्ये टाकायच्या फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियममध्ये ते किती टक्के हवं, हे तो चहा पिता पिता सांगेल. तिथे सेरियम आणि लँथॅनम असतात, गॅडोलिनियम त्यांचाच भाऊबंद.

बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी हा धातू बांधायला डीटीपीए नावाचा रेणू घेतला. धातू बांधणारा दुसरा रेणू, ईडीटीए, त्यांनी तपासला होता, पण तो प्राण्यांना सोसला नाही. डीटीपीए तेव्हा प्लुटोनियमसारखे धातू शरीरातून ओढून काढायला वापरलं जात होतं. ते आठ ठिकाणी धातूला धरतं. गॅडोलिनियमला नऊ जागा असतात, नववी पाण्याच्या एका रेणूसाठी मोकळी राहते. पाणी तिथे येतं, बदलून जातं, दुसरं येतं, आणि सेकंदाला लाखो वेळा चालणाऱ्या या ये-जेमुळे आजूबाजूचं सगळं पाणी उजळतं. १९८१मध्ये पेटंटचा अर्ज झाला, १९८३मध्ये माणसांवर पहिली चाचणी झाली, १९८८मध्ये मॅग्नेव्हिस्ट बाजारात आलं.

आणि इथे तो आयोडीनचा अनुभव आड आला. मॅग्नेव्हिस्टवर विद्युतभार होता, द्रावण रक्ताच्या जवळजवळ सातपट घट्ट होतं. भार काढा, औषध सौम्य होईल, असा हिशेब मांडला गेला. डीटीपीएच्या धातूला धरणाऱ्या दोन टोकांवर अमाइड बसवून भाररहित गॅडोडायमाइड तयार झालं. घट्टपणा निम्म्याहून खाली आला. पण अमाइडची पकड मुळातच ढिली. डीटीपीएची पकड दहाच्या साडेबावीसाव्या घाताएवढी, तर गॅडोडायमाइडची सतराव्या घाताच्या आसपास, म्हणजे काही लाख पटींनी कमकुवत. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून सुटलेला धातू पकडायला बाटलीत थोडा जादा रेणू घालून ठेवलेला असे. आयोडीन शंभर मिलिलिटर टोचतात, तिथे घट्टपणा महत्त्वाचा. बारा मिलिलिटरला तो प्रश्न एवढा मोठा कधीच नव्हता.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये १९८९ला गॅडोटेरेट आलं. त्यातला रेणू साखळीसारखा उघडा नसून कड्यासारखा बंद आहे. दाव्याला बांधलेलं जनावर आणि गोठ्यात कोंडलेलं जनावर यांत जो फरक, तोच इथे. दावं एका टोकाला सुटलं की सगळंच सुटत जातं. पीएच १ एवढ्या तीव्र आम्लात गॅडोडायमाइड काही सेकंदांत मोडतं, गॅडोटेरेटचं निम्मं मोडायला ३०० तासांहून अधिक लागतात. तरीही पुढची पंधराएक वर्षं दोन्ही प्रकार एकाच मापाने तोलले आणि विकले गेले.

१९९७मध्ये कॅलिफोर्नियात डायलिसिसवरच्या काही पेशंटची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागली, गुडघे-कोपरं आखडली. २०००मध्ये लॅन्सेटमध्ये या आजाराचं वर्णन छापून आलं, कारण मात्र समजेना. २००६मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रोबनर यांनी बोट ठेवलं. आजारी पडलेल्या सगळ्यांचा आधी गॅडोलिनियम देऊन एमआरआय झाला होता. निरोगी मूत्रपिंड हे औषध दीड-दोन तासांत निम्मं करतं, निकामी मूत्रपिंडाला तीस तासांहून जास्त लागू शकतात. तेवढा वेळ शरीरात रेंगाळलं की ढिली पकड सुटते आणि मोकळा धातू ऊतींमध्ये रुतून बसतो. या आजाराला एनएसएफ (नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस) म्हणतात. २००७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्वांत कडक इशारा छापायला लावला, मूत्रपिंड तपासूनच औषध द्यायची पद्धत पडली, आणि नवे पेशंट जवळपास थांबले. निपाणीच्या माणसाचं क्रिएटिनिन मागतात ते यामुळे.

२०१४मध्ये जपानच्या कांदा यांनी आणखी एक गोष्ट नजरेस आणली. मूत्रपिंड चांगली असलेल्यांच्याही मेंदूत, वारंवार कॉन्ट्रास्ट घेतल्यावर, विशिष्ट ठिकाणी उजळ डाग राहतात. पुढच्या वर्षी शवविच्छेदनात तिथे गॅडोलिनियम सापडलं. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपने २०१७मध्ये उघड्या साखळीची बहुतेक औषधं शिरेतून देणं थांबवलं, यकृतासाठीची दोन तेवढी ठेवली. अमेरिकेने इशाऱ्यावर भागवलं. मला युरोपचं पटतं. पर्याय हातात असताना ढिली गाठ वापरायचं काय कारण? बाटलीवर गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरिडॉल असं नाव असेल तर ते कड्याचं औषध, एवढं तरी पेशंटच्या मुलाने वाचायला हरकत नाही.

गॅडोलिनियम सोडूनच देता आलं तर? लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण १९९६मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. यकृताच्या निरोगी पेशी ते खातात आणि काळ्या पडतात, गाठ उजळ राहते. पाठदुखीच्या तक्रारी, काळ्या चित्रांची नावड आणि मंद खप यांत ते बाजारातून गेले. शिवाजी विद्यापीठात फेराइटवर कित्येक वर्षं काम होत आलं आहे, त्यामुळे चुंबकीय कणांचा हा विषय इथल्या पदार्थविज्ञानवाल्यांना तोंडपाठ आहे. मँगनीजचं औषधही १९९७मध्ये आलं आणि गेलं. मँगनीज शरीराला थोडं लागतं, पण जास्त साचलं तर कंपवातासारखा आजार होतो, मँगनीजचं खनिज दळणाऱ्या कामगारांत तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. आता मँगनीजलाही अधिक पक्की पकड देणारे रेणू तपासले जात आहेत.

२०२२मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या गॅडोपिक्लेनॉलने वेगळी वाट काढली. कडं तसंच बंद, पण पाण्यासाठी एकाऐवजी दोन जागा मोकळ्या. परिणाम दुपटीहून जास्त, म्हणून डोस निम्मा पुरतो.

निम्म्या डोसाचा उपयोग पेशंटपुरता नाही. १९९६मध्ये बाऊ आणि डुल्स्की यांना बर्लिनच्या हाफेल नदीत नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट गॅडोलिनियम आढळलं, पुढे ते बर्लिनच्या नळाच्या पाण्यातही सापडलं. औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि पकड पक्की असल्यामुळे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातही ते सुटत नाही, अडकत नाही. कोल्हापुरातला पेशंटही स्कॅन करून घरीच जातो, आणि शहरातला जयंती नाला मिळतो तो पंचगंगा नदीला. सीटीच्या आयोडीनसाठी जर्मनीत काही ठिकाणी पेशंटना लघवी साठवायच्या पिशव्या घरी देऊन पाहिल्या आहेत.