उजवीकडे वळणारी साखर

भाचीनं भूमितीच्या वहीत 'राइट अँगल'चं मराठी 'उजवा कोन' असं लिहिलं आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. पोरगी सेमी-इंग्रजीत, आठवीला. तिचं म्हणणं असं, की राइट म्हणजे उजवा, राइट म्हणजे बरोबर, आबा बांधावरनं भांडतात तो हक्क म्हणजेही राइटच. "मग मामा, काटकोन मधेच कुठनं आला?"

काटकोनातला अर्थच आधीचा आहे. राइटचा मूळ अर्थ 'सरळ'. ओळंबा लावून सरळ उभी केलेली भिंत जमिनीशी जो कोन करते, तो राइट. सरळ ते बरोबर, आणि बरोबर म्हणून पदरात पडतं तो हक्क. हाताचा नंबर उशिरा लागला. जुन्या इंग्रजीत उजव्या हाताला 'जास्त बळकट' अशा अर्थाचा निराळाच शब्द होता. संस्कृतातला 'ऋजु' आणि हा राइट एकाच मुळाचे. ऋजुचं प्राकृतात उज्जु झालं, जुन्या मराठीत उजू म्हणजे सरळ, आणि आपला 'उजवा' माझ्या कानाला तरी त्याच घरातला वाटतो. पोरगी अगदीच चुकली नव्हती म्हणायची.

लॅटिनमध्ये उजव्याला 'डेक्स्टर' म्हणतात, आणि तो आपल्या 'दक्षिण'चा सख्खा भाऊ. उगवतीकडे तोंड करून उभं राहा, उजवा हात दक्षिणेला येतो. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं म्हणून प्रदक्षिणा. कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणतात त्यातलं 'दक्षिण' आणि सलाईनच्या बाटलीवरच्या 'डेक्स्ट्रोज' या साखरेच्या नावातलं 'डेक्स्ट्र' अशी एका घरातली. आता साखरेला उजवं-डावं कशाला असावं?

हे मला पहिल्यांदा दिसलं ते एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. प्रकाशाची लाट दोरीच्या लाटेसारखी आडवी हलते, पण साध्या उजेडात ती एकाच वेळी सगळ्या दिशांनी हलत असते. फाटकाच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून हलवली, तर फक्त वर-खाली जाणारी लाट पलीकडे पोचते. तसं एक गाळणं प्रकाशापुढं धरायचं. दुसरं गाळणं पहिल्याशी काटकोनात (राइट अँगलमध्येच!) धरलं की मिट्ट काळोख. आता दोन्हींच्या मधे साखरेच्या पाण्यानं भरलेली काचेची नळी ठेवा. काळोखात उजेड फुटतो. तो पुन्हा घालवायला दुसरं गाळणं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडे, फिरवावं लागतं. किती फिरवलं, त्यावरून साखर किती ते कळतं. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर आणि २० सेंटिमीटर नळी असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात कोन येतो सुमारे ३४.६ अंश. अशी कोनावरून मोजलेली साखर म्हणजे कारखान्यातला 'पोल'. सेंद्रिय द्रवांचा प्रकाश वळवण्याचा हा गुण फ्रान्सच्या बियो या भौतिकशास्त्रज्ञानं १८१५ मध्ये दाखवला.

पण पाण्यात साखरेचे रेणू तर कसेही लोळत असतात. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. मग एकानं उजवीकडे वळवलेलं दुसऱ्यानं डावीकडे वळवून फिट्टंफाट का होत नाही? उत्तर उद्यमनगरात कुठल्याही लेथवर मिळेल. उजव्या आट्यांचा बोल्ट घ्या आणि टोकाकडून उलटा करा. आटे उजवेच राहतात. पोतंभर बोल्ट कसेही ओतले तरी त्यातला एकही त्यामुळं डाव्या आट्यांचा होत नाही. (सायकलच्या डाव्या पेडलला डावे आटे असतात, तो वेगळाच बोल्ट.) साखरेच्या रेणूला असंच एका बाजूचं वळण असतं आणि तो लोळला तरी ते बदलत नाही.

आता जरा दमानं वाचा. एका प्रतलात हलणारा प्रकाश म्हणजे प्रत्यक्षात दोन पेचदार लाटांची बेरीज: एक उजवी, एक डावी, जोर सारखाच. साखरेच्या वळणदार गर्दीतून जाताना यातली एक किंचित मागं पडते. किंचित म्हणजे किती? त्या २० सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या साडेचार लाखांहून जास्त लाटा मावतात, आणि शेवटी दोघींमधलं अंतर भरतं एका लाटेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं. म्हणजे वेगात फरक कोटीत चार भागांचा. पण बाहेर पडून दोघी पुन्हा एकत्र आल्या, की तेवढ्यानंच बेरजेचं प्रतल वळलेलं असतं.

गंमत पुढं आहे. साखरेचा रेणू आम्लानं फुटला की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळतात, निम्मं-निम्मं. ग्लुकोज उजवीकडे वळवतं, कोनांक (नळी आणि दाटपणा सगळ्यांना सारखाच धरून काढलेला कोन) अधिक ५२.७, फ्रुक्टोज डावीकडे, उणे ९२. सरासरी काढा: उणे १९.७ च्या आसपास. मुळात अधिक ६६.५ असलेली साखर फुटून डावी झाली! दिशा उलटली म्हणूनच त्या मिश्रणाला 'इन्व्हर्ट' साखर हे नाव. आणि एवढं झाल्यावर रसायनवाले त्या डावखुऱ्या फ्रुक्टोजला डी-फ्रुक्टोज म्हणतात. तिथला डी रेणूच्या रचनेबद्दल बोलतो, प्रकाश वळण्याबद्दल नाही. विद्यार्थी इथं हमखास आपटतात, मीही आपटलो होतो.

नावांचा हा घोळ बाजारात पैसे मिळवून देतो. 'दक्षिणावर्ती' शंख लक्ष्मी आणतो म्हणून हजारोंना विकला जातो. प्राणिशास्त्रात शिखर वर आणि तोंड आपल्याकडे धरून बघतात. तसं बघितलं तर नेहमीचा शंख उजवा आणि हा दुर्मीळ शंख डावा. आपल्याकडे शंख उलटा धरायची रीत. आटे तेच राहतात, पण तोंड दुसऱ्या हाताला दिसतं, म्हणून नाव उलटं. शिवाय बाजारात त्या नावानं खपणारे कितीतरी शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका गोगलगायीचे असतात. ती जन्मतःच डावी, तिच्या जातीत ते मुळीच दुर्मीळ नाही. लक्ष्मी येते, पण दुकानदाराकडे.

गुऱ्हाळावर हे सगळं पोलच्या यंत्राशिवाय कळतं. तोडून पडलेल्या उसात साखर फुटायला लागते. तसल्या रसाचा गूळ घट्ट बसत नाही, पावसाळ्यात पाघळतो, कारण फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं. काहिलीत चुन्याची निवळी टाकतात ती रसातलं आम्ल मारायला, म्हणजे साखर उजवी ठेवायलाच.

कारखान्यात शिळ्या उसाचं दुखणं आणखी फसवं. गव्हाणीपुढं दोन-तीन दिवस तटलेल्या उसात काही जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. नावातच पुन्हा 'उजवा'. तो प्रकाश साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतो, त्याच दिशेनं. त्यामुळं रसात साखर घटलेली असताना यंत्र पोल फुगवून दाखवतं. काट्यावरनं भांडणारे पुष्कळ आहेत. या आकड्यावरनं भांडताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.