नागपूरचं ऊन पाणी उडवतं, मीठ नाही

मामेभावाने मुंबईहून जुनी प्रीमियर पद्मिनी आणली, खाडीच्या पाण्यात दारापर्यंत बुडालेली, आणि इथे जो तो एकच सांगतो की मे महिनाभर उन्हात उभी ठेवा, खडखडीत वाळेल. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन वाळवून चालू केल्याच ना लोकांनी! पण ते गोडं पाणी होतं भाऊ. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पाणी उडतं आणि क्षार पत्र्याच्या जोडात तसेच बसून राहतात.

आणि यात नुसतं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केच पुरतात. मेच्या दुपारी आपली हवा याहून कोरडी होते म्हणून गंज थांबल्यासारखा वाटतो, पण जुलै लागला की वरून एक थेंब न पडताही जोडात ओल. मग या क्षारांतलं क्लोराइड लोखंडाला धरून आयर्न क्लोराइड होतं, पाण्यात त्याचा गंज बनतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आम्ल नवीन लोखंड खातं, पुन्हा आयर्न क्लोराइड, असं चक्र चालूच, कारण क्लोराइड यात खर्चच होत नाही! त्यातलं काही अकागानाइट नावाच्या गंजात, स्फटिकाच्या बारीक बोगद्यांत अडकतं, ते साध्या धुण्याने सहज निघत नाही. अमेरिकेतली हनली पाणबुडी २००० साली समुद्रातून काढली, तिलाही क्षार काढायला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवावं लागलं. (कार्बोरेटरवर हा प्रयोग करू नका, ॲल्युमिनियम-जस्त त्यात खाल्लं जातं.)

दर पावसाळ्यात पेंट फुगला की लोक गाडीलाच पनौती म्हणतात, लिंबू-मिरची बांधतात. पनौती नाही, पुट्टीखाली राहिलेलं क्लोराइड आहे ते.

आम्ही दाराखालच्या पोकळ पत्र्यात डिस्टिल्ड वॉटर फिरवलं, परीक्षानळीत घेतलं, थेंबभर नायट्रिक ॲसिड आणि दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर लगेच दह्यासारखा पांढरा साका, म्हणजे क्लोराइड असल्याची खूण! शाळेतलाच प्रयोग, पण गाडीतून निघालेलं मीठ असं डोळ्यांसमोर गोठताना बघून अंगावर काटा आला. नवव्या धुण्याला नुसता धुरकटपणा उरला. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने करू नका, त्यात स्वतःचंच क्लोराइड असतं.

पेंटरला सांगून ठेवलंय, नळी स्वच्छ दिसेपर्यंत प्रायमरचा डबा उघडायचा नाही.