बांध, टिपण आणि कब्जा : खान्देशात शेताची हद्द कशी ठरत आली

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काय किंवा शिरपूर-शहाद्याच्या काळ्या रानात काय, बांधावरून वाद पेटला की दोन्हीकडचे शेतकरी आधी सातबारा पुढे करतात आणि त्यावर लिहिलेले क्षेत्र भरून द्या, असा आग्रह धरतात. कायद्याची रीत मात्र उलटी आहे. आधी हद्द ठरते आणि त्या हद्दीच्या आत जे भरेल ते क्षेत्र. ही रीत कुठून आली, हे कळण्यासाठी या हद्दी ज्या मोजणीतून कागदावर उतरल्या, ती मोजणी मुळात कशासाठी झाली होती हे पाहावे लागते.

१६०१ मध्ये असीरगड पडला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला. त्या काळी आणि पुढे मराठेशाहीतही जमिनीचा हिशेब बिघ्यांत होत असे. वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा हे कोष्टक असले, तरी काठीची लांबी आणि त्यामुळे बिघाही जागोजागी बदलत असे. सारा किती बिघ्यांवर हे दप्तरात असे, पण शेताचा नकाशा नसे. हद्द राहत असे ती माणसांच्या माहितीत. गावाची शीव दाखवण्याचे काम महार वतनदाराकडे होते, त्याच्या सांगण्याला साक्षीचे वजन होते आणि वाद मिटला नाही तर तो पाटील व गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदारांच्या व जाणत्यांच्या सभेपुढे जाई. ही पद्धत आज पुसली गेली असे आपण समजतो, पण पुढे दिसेल की तिचा एक धागा चालू कायद्यात शिल्लक आहे.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि धुळे हे कारभाराचे ठाणे झाले. दख्खनमध्ये प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली मोठी मोजणी फसली होती. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरकडे नव्याने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या मोजणीचे नियम पक्के केले. १८५२ मध्ये मोजणीदार खान्देशात आले, तेव्हा सावदा, रावेर आणि चोपडा या भागांत रयतेने त्यांना विरोध केला. मोजणीची साखळी शेतात आली म्हणजे सारा वाढणार, ही त्यामागची धास्ती होती. सरकारला लष्कराची मदत घेऊन दंगा मोडावा लागला. माझ्या मते त्या रयतेला मोजणीचा हेतू बरोबर कळला होता: ही मोजणी मालकी ठरवण्यासाठी नव्हे, तर सारा बसवण्यासाठीच होती.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे केलेले होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मोजणीदार शेतातून एक मुख्य रेषा धरी, बांधाच्या प्रत्येक वळणासमोर त्या रेषेवर शंकू, म्हणजे काटकोन साधण्याचे साधन, लावून तिच्यापासून काटकोनात अंतर घेई आणि ते साखळी-आण्यांत लिहून ठेवी. हेच टिपण. एखाद्या बाजूवर ‘१२ साखळी ८ आणे’ असे लिहिलेले असेल, तर ती बाजू साडेबारा साखळ्यांची, म्हणजे ४१२ फूट ६ इंच भरते. एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा असतो. आण्यांत लिहिलेल्या कागदावरून वीतभर बांध कोरल्याचा निवाडा मागणे म्हणजे त्या कागदाकडून त्याच्या ऐपतीबाहेरचे मागणे आहे. अशा वेळी टिपणाइतकेच महत्त्व हद्दीच्या जुन्या दगडाला, मातीच्या बुरुजाला आणि शेजाऱ्याच्या जबाबाला येते.

दुसरी अडचण अशी की, सर्व्हे नंबर हा एका मालकाचा तुकडा असेलच असे नव्हते. लहान खाती एकत्र करून एक नंबर पाडलेला असे आणि आतले बांध टिपणात येत नसत. १९१३ च्या कायद्याने हक्कनोंदणी जमीन महसुलाच्या कायद्यात घातली गेली आणि त्यानंतर पोटहिश्शांच्या मोजण्या होऊन फाळणीचे नकाशे तयार झाले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी योजना राबवून, जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडण्यात आले. जिथे कागदावर गट झाला पण वहिवाट जुन्याच बांधाने चालू राहिली, तिथे आजच्या बऱ्याच भांडणांचे मूळ सापडते. योजनेतील चूक दुरुस्त करण्याची तरतूद त्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे, पण ती वाजवी मुदतीतच वापरावी, असे उच्च न्यायालयाने म्हटले आहे.

हद्दीचे नियम १८६५ च्या मोजणी कायद्यातून १८७९ च्या जमीन महसूल संहितेत आणि तिथून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आले. तिच्या कलम १३४ प्रमाणे मोजणीच्या वेळी हद्दीबद्दल वाद नसेल आणि हजर असलेले ग्राम अधिकारी ती बरोबर असल्याचे सांगत असतील, तर धारक दाखवील तीच हद्द नोंदवता येते. वाद असेल किंवा धारक हजर नसेल, तर गावचे दप्तर, ग्राम अधिकारी व लगतचे धारक यांच्याकडून कळलेली वहिवाट आणि मिळेल तो इतर पुरावा पाहून मोजणी अधिकारी ती ठरवतो. वतनदाराची साक्ष ती हीच, फक्त कायद्याच्या भाषेत. मोजणीनंतर उपजलेल्या वादासाठी कलम १३५ आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्याने रीतसर चौकशी करून आधी मोजणीचे अभिलेख पाहायचे आणि पूर्वी ठरलेली हद्द त्यांतून समाधानकारक दिसत नसेल तरच इतर पुराव्याकडे वळायचे, असा क्रम आहे. एकदा हद्द ठरली की कलम १३८ नुसार हद्दीच्या रेषेची जागा आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या धारकांचे हक्क त्या निर्णयाने निश्चित होतात, शिवाय पलीकडे सरकलेल्याला काढून टाकण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्याला मिळतो. खुणा सांभाळण्याची जबाबदारी धारकाची आहे आणि त्या मोडणाऱ्याला दंड आहे. नांगराच्या फाळाने दरसाल उपटल्या जाणाऱ्या दगडांकडे पाहिले की ही कलमे कोणी वाचली असतील असे वाटत नाही.

मालकीचा वाद मात्र दिवाणी न्यायालयाचा. तिथे दाव्यात मिळकतीचे वर्णन चतुःसीमा किंवा मोजणीचे क्रमांक देऊन करावे लागते. खरेदीखतातील क्षेत्र वा क्रमांक आणि चतुःसीमा यांचा मेळ बसत नसेल, तर सामान्यतः चतुःसीमा प्रमाण मानावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सुभागा विरुद्ध शोभा या प्रकरणात सांगितले. अतिक्रमण नेमके किती, हे कागदावरून उमगत नसल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करून घेता येते. बारा वर्षे उघडपणे आणि मालकाच्या विरोधात चाललेल्या कब्जाचा मुद्दाही याच न्यायालयात मांडायचा असतो. भूकरमापकाला, म्हणजे सरकारी मोजणीदाराला, तो मुद्दा ठरवता येत नाही; भूकरमापक नकाशात प्रत्यक्ष वहिवाट आणि अभिलेखाची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवून देतो.

हद्द कायम मोजणी, म्हणजे हद्द दाखवून देणारी सरकारी मोजणी, मान्य नसेल तर निमताना (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) आणि त्यावर सुपर निमताना अशी पायरी आहे. आता साखळीची जागा रोव्हर या यंत्राने घेतली आहे आणि बिंदूची जागा उपग्रहावरून काही सेंटिमीटरपर्यंत सांगता येते. पण रोव्हर आज बांध कुठे आहे एवढेच सांगतो. मूळ हद्द कुठे होती हे त्याच आण्यांच्या टिपणातून काढावे लागते, आणि ते टिपण जमिनीवर बसवण्यासाठी दोन्ही शेजाऱ्यांना मान्य असलेल्या जुन्या खुणा भूकरमापकाला आधी शोधाव्या लागतात.