कादंबरीचा आराखडा आला कुठून

कादंबरीलेखनाच्या कार्यशाळेत बहुतेक वेळा पहिल्याच तासाला फळ्यावर एक आकृती येते. चढ, शिखर, उतार. शेजारी तीन अंकांचे चौकोन आणि ‘इथे नायकावर संकट’ असे बाण. नवा लेखक ती वहीत उतरवून घेतो, घरी जाऊन आपली गोष्ट तिच्यात बसवायला लागतो आणि थोड्याच पानांत अडतो. त्यात त्याचा काही दोष नाही. ही आकृती मुळात काढली गेली ती लिहून झालेल्या, गाजून गेलेल्या नाटकांचा अभ्यास करताना.

ॲरिस्टॉटलनं इसवी सनपूर्व चौथ्या शतकात शोकांतिकेत आदी-मध्य-अंत हवा, आधी गुंता आणि मग उकल हवी, असं मांडलं, तेव्हा त्याच्यासमोर ग्रीक नाटककार सोफोक्लिसची नाटकं तयार होती. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातला विचार याहून बारीक आहे. आरंभ ते फलागम (फळ हाती येणं) या कार्याच्या पाच अवस्था, बीज-बिंदू-पताका-प्रकरी-कार्य या पाच अर्थप्रकृती, म्हणजे कथानकाचे घटक, आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे. गर्भसंधीचं वर्णन तर आजच्या लेखकानंही मुद्दाम वाचावं: बीज हाती लागतं, निसटतं आणि पुन्हा त्याचा शोध सुरू होतो. कादंबरीचा मधला भाग का रेंगाळतो, याचं यापेक्षा नेमकं निदान मला दुसरीकडे सापडलेलं नाही. बिंदूचंही तसंच. उपकथानकात मूळ धागा तुटला की तो पुन्हा जोडणारं ते बिंदू. पण दहाव्या शतकात धनंजयानं ‘दशरूपका’त हे सारं आटोपशीर मांडलं आणि धनिकानं त्यावर टीका लिहिली, तेव्हा उदाहरणं दिली ती ‘रत्नावली’ आणि ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकांची. म्हणजे इथेही नाटक आधी आणि शास्त्र मागून.

फळ्यावरची ती आकृती मात्र जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटागची. १८६३ मध्ये त्यानं नाट्यतंत्रावर पुस्तक लिहिलं. ग्रीक नाटककार, शेक्सपिअर आणि जर्मन नाटककार शिलर यांची नाटकं तपासून त्यानं पाच टप्प्यांचा पिरॅमिड मांडला. गंभीर नाटकासाठी काढलेला तो पिरॅमिड पुढे कथा-कादंबरीलाही सरसकट लावला गेला.

लेखकाच्या टेबलावरचा आराखडा पाहायचा तर व्हिक्टोरियन लंडनमध्ये जावं लागतं. चार्ल्स डिकन्सच्या मोठ्या कादंबऱ्या महिन्याला एक भाग अशा निघत. भाग ३२ पानांचा, सोबत दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. असे २० भाग, त्यातले शेवटचे दोन एकत्र, म्हणजे १९ महिन्यांचा संसार. एक भाग वाचकांच्या हातात पडत असताना पुढचा अजून लिहून व्हायचा असे. छापलेलं मागे घेता येत नव्हतं आणि पानं वाढवायचीही सोय नव्हती. १८४३ मध्ये ‘मार्टिन चझलविट’चा खप मनासारखा होईना, तेव्हा त्यानं नायकाला मध्येच अमेरिकेला धाडलं. ‘डॉम्बी अँड सन’पासून, म्हणजे १८४६ पासून, तो प्रत्येक भागासाठी वेगळा कागद करू लागला.

यातले बहुतेक कागद हस्तलिखितांसोबत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपलेले आहेत. कागद आडवा धरलेला, मधोमध दोन भाग. उजवीकडे भागाचा क्रमांक, प्रकरणांची नावं आणि त्यांत काय घडतं याच्या ओळी. त्यातल्या काही ओळी भाग लिहून झाल्यावर भरलेल्या असाव्यात, पुढच्या महिन्यात मागचं आठवावं म्हणून. डावीकडे मात्र स्वतःलाच घातलेले प्रश्न: अमक्याला या भागात आणायचं का? तमकीचं गुपित आताच फोडायचं? आणि समोर उत्तरं: हो, नाही, अजून नाही. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ निम्म्याहून पुढे गेली होती, तरी नायकाची बायको डोरा हिचं काय करायचं हे ठरत नव्हतं. ७ मे १८५० रोजी त्यानं आपला मित्र जॉन फॉर्स्टरला कळवलं की डोराचा निर्णय अजून झालेला नाही, पण तो आज करायलाच हवा. सप्टेंबरच्या सतराव्या भागात डोरा मरते. आराखडा या शब्दाला साजेसं असं जे काही मी पाहिलं-वाचलं आहे, त्यात मला हा डावा अर्धा सगळ्यात मोलाचा वाटतो. लेखकाचं डोकं कसं चालतं, ते तिथे उघड दिसतं.

मराठीतही कादंबरी वाढली ती अशीच हप्त्याहप्त्यानं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच वाचकांपुढे आली.

विसाव्या शतकात अमेरिकेत स्वस्त कथामासिकांचं पेव फुटलं आणि लेखकाला शब्दांवर पैसे मिळू लागले. मग कथानकं बनवायची यंत्रंच निघाली. विल्यम वॉलेस कुकच्या १९२८ च्या ‘प्लॉटो’ या पुस्तकात १,४६२ क्रमांकित प्रसंग आहेत. एकातून दुसऱ्याकडे जात कथानक जुळवायचं. ‘पेरी मेसन’ या वकील-नायकाच्या रहस्यकथा लिहिणारा अर्ल स्टॅन्ली गार्डनर हा या पुस्तकाचा अभ्यासक. त्यानं स्वतःसाठी पुठ्ठ्याची फिरती चक्रंही केली होती. एका चक्रावर नायकाला चकवणारे खोटे माग, दुसऱ्यावर त्याच्या वाटेत येणारी दुय्यम पात्रं. याला कमी लेखायचं कारण नाही. रोज हजारो शब्द पाडणाऱ्या माणसाला कोऱ्या कागदाची धास्ती घालवायला काहीतरी हवंच होतं.

आज सगळीकडे दिसणारा तीन अंकांचा साचा सिड फील्डच्या १९७९ च्या पटकथेवरील पुस्तकानं रुजवला. त्याचा हिशोब सिनेमाचा: एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, १२० पानांपैकी पहिला आणि तिसरा अंक ३०-३० पानांचा, मधला ६० चा. प्रेक्षक दोन तास खुर्चीत बसणार, हे त्यात गृहीत आहे. आठवडाभर उशाशी ठेवून वाचल्या जाणाऱ्या कादंबरीला हे प्रमाण लावायचं कारण काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरनं तर आराखडा थेट भिंतीवर लिहिला. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी त्याच्या ‘रोअन ओक’ या घरातल्या लिहिण्याच्या खोलीत तो आजही वाचता येतो. तो ‘अ फेबल’ या कादंबरीचा; ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची गोष्ट मुख्यतः एका आठवड्यात घडते, म्हणून भिंतीवर वारांची नावं आणि प्रत्येक वाराखाली त्या दिवशीच्या घटना. अंक नाहीत, शिखर नाही. त्या कादंबरीला दिवसांचा हिशोब हवा होता, आणि तेवढाच तिथे लिहिलेला आहे.