बाळाची कार सीट

मोटारीतून नेताना तान्ह्या बाळाला किंवा लहान मुलाला जागेवर धरून ठेवणारे स्वतंत्र आसन. हे गाडीच्या मागच्या आसनावर सीटबेल्टने किंवा आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या आसनात पक्क्या बसवलेल्या, कड्यांना अडकवून पक्के बसवतात आणि बाळाला त्यातल्या पट्ट्यांनी बांधतात. गाडीचा सीटबेल्ट मोठ्या माणसाच्या हाडापेराचा विचार करून केलेला असतो. लहानग्याच्या अंगावर तो गळ्याशी आणि मऊ पोटावर येतो, म्हणून ही वेगळी सोय.

आपल्याकडे बाळ गाडीत बहुधा आईच्या किंवा आजीच्या मांडीवर असते. मायेने धरलेल्या हातांतून बाळ सुटणार नाही असे मनापासून वाटते, पण साधा हिशेब वेगळे सांगतो. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरभर अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येकाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट झटका बसतो. ७ किलोचे बाळ त्या क्षणी १४० किलोच्या ओझ्याइतक्या जोराने पुढे ओढले जाते. इतके ओझे कोणाच्याही हातांना पेलत नाही. धरणाऱ्या व्यक्तीने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचा सगळा भार बाळावर येतो. दोघांना मिळून एकच पट्टा लावणे तर याहून घातक, कारण मोठ्या शरीराच्या आणि पट्ट्याच्या मध्ये बाळ चिरडले जाते. बाळाला पोटाशी बांधायची झोळी किंवा कॅरिअर चालण्याफिरण्यासाठी असते, गाडीत त्याचा काही आधार नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार योग्य कार सीटमुळे वर्षाच्या आतील बाळांचा मोटारीतील अपघाती मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर १ ते ४ वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

पाठमोरे बसवण्याचे कारण : बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे ठेवायचे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. जन्मतः डोके शरीराच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते, मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा असते. हे जड डोके पेलणाऱ्या मानेचे मणके तेव्हा पूर्ण हाडाचे नसतात. त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते सांधायला काही वर्षे जातात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांत अडकते, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर व मज्जारज्जूवर येतो. पाठमोऱ्या बाळाचे डोके, मान आणि पाठ एकाच वेळी आसनाच्या पाठीत दाबली जातात, त्यामुळे झटका संपूर्ण पाठीवर पसरतो. ‘पाय दुमडतात, अवघडेल बिचारे’ ही पालकांची काळजी रास्त असली तरी मुले मांडी घालून किंवा पाय वर टेकवून आरामात बसतात. पायाच्या आणि मानेच्या दुखापतीत निवड करायची वेळ आली, तर उत्तर उघड आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ‘ठरावीक वयापर्यंत’ हा शब्दप्रयोगच सोडला आणि आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल पाठमोरेच ठेवावे, असे सांगितले. स्वीडनमध्ये मुले चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसवण्याची रीत आहे.

इतिहास : १९३० च्या दशकात निघालेल्या मुलांच्या आसनांचा सुरक्षिततेशी संबंध नव्हता. मूल उंच बसावे, त्याला बाहेरचे दिसावे आणि पालकांना ते दिसावे, एवढाच हेतू होता. अपघाताचा विचार १९६० च्या दशकात सुरू झाला. स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास पाठमोऱ्या आसनाचा नमुना तयार केला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेत बसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. व्हॉल्वो कंपनीने १९७२ मध्ये पाठमोरे आसन बाजारात आणले. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७८ मध्ये कार सीट सक्तीची केली आणि १९८५ पर्यंत सर्व राज्यांत तसे कायदे झाले. युरोपात आर-४४ हे मानक १९८० च्या दशकात आले. २०१३ मध्ये आलेल्या आर-१२९ म्हणजेच आय-साइझ मानकात वजनाऐवजी उंचीवरून आसन ठरते, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी घेतली जाते आणि १५ महिन्यांपर्यंत पाठमोरे बसवणे बंधनकारक आहे. जुन्या आर-४४ आसनांची नवी विक्री युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली.

निवड : भारतात अजून वजनाचे गट जास्त दिसतात. ० ते १३ किलोपर्यंतचे दांडीचे, टोपलीसारखे पाठमोरे आसन, त्यानंतर ९ ते १८ किलोचे, आणि पुढे गाडीचाच पट्टा नीट खांद्यावरून यावा म्हणून उंची देणारे बूस्टर. जन्मापासून चार वर्षांपर्यंत चालणारे, दोन्ही दिशांना बसणारे आसनही मिळते आणि एकदाच खर्च करायचा तर ते सोयीचे वाटते. मात्र अडीच-तीन किलोच्या बाळाला ते खरोखर घट्ट बसते का, हे पाहूनच घ्यावे. ‘० ते १२ वर्षे’ अशी पाटी लावलेली आसने सगळ्यांना पुरतात असे सांगितले जाते, पण नवजात बाळाच्या खांद्याला पट्टा लागतच नाही, असे त्यांत अनेकदा आढळते.

खोक्यावरच्या चकचकीत चित्रांआधी आसनाच्या पाठीवरची चिकटपट्टी वाचावी. नारिंगी लेबलवर वर्तुळात रोमन ‘ई’ आणि त्याशेजारी मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो. आर-४४ असेल तर मान्यता क्रमांक ०४ ने सुरू व्हावा. भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. काही शे रुपयांत मिळणारी, नुसत्या कापडाची आणि वेल्क्रोच्या पट्ट्यांची ‘कार सीट’ कोणत्याही मानकाची नसेल तर घेऊ नये, ती बाळाला धरू शकत नाही. मित्राकडून किंवा भावंडाकडून मिळालेले जुने आसन वापरायला हरकत नाही, पण त्याने अपघात पाहिलेला नाही याची खात्री हवी. प्लॅस्टिक उन्हाने आणि वयाने ठिसूळ होते, म्हणून उत्पादक आसनावर वापराची मुदत छापतात. ती बहुधा सहा ते दहा वर्षांची असते. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे आसन फुकट मिळाले तरी नको.

आसन आपल्या गाडीत बसते का, हे दुकानातच, गाडी दाराशी उभी करून पाहावे. छोट्या हॅचबॅकमध्ये मोठे पाठमोरे आसन लावले की पुढच्या प्रवाशाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात आणि मग चार दिवसांत आसन माळ्यावर जाते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत कोणत्या जागी कोणत्या प्रकारचे आसन चालते, याचा तक्ता असतो. १९९९ मध्ये मानक झालेली आयसोफिक्स कडी मागच्या आसनाच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत असतात. आपल्याकडे गाडी घेतल्या घेतल्या जाड रेक्झिनची कव्हरे चढवतात आणि ही कडी त्याखाली झाकली जातात, तेव्हा आधी तिथे हात घालून चाचपावे. मूल आणि आसन मिळून वजन ३३ किलोच्या आत असेपर्यंतच ही कडी वापरतात. आयसोफिक्स नसलेल्या गाडीत तीन टोकांच्या पट्ट्याने नीट बांधलेले आसनही तितकेच उपयोगी ठरते, फक्त त्यात चूक होण्याला वाव अधिक.

बसवणे आणि आराम : जागा मागचीच. पुढच्या आसनासमोर एअरबॅग चालू असेल तर पाठमोरे आसन तिथे कधीही लावू नये. क्षणार्धात फुगणारी ती पिशवी नेमकी बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. १ एप्रिल २०२१ पासून भारतात नव्या मॉडेलच्या गाड्यांना पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची झाल्याने ही सूचना आता जवळपास प्रत्येक नव्या गाडीला लागू आहे. मागे मधली जागा उत्तम, पण तिथे आसन घट्ट बसत नसेल तर डावी बाजू घ्यावी, म्हणजे बाळाला पदपथाच्या बाजूने चढवता-उतरवता येते. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर आसन अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. आधाराचा पाय असलेले आसन असेल तर तो थेट जमिनीवर टेकवावा, जाड मॅटवर किंवा तळातल्या कप्प्याच्या झाकणावर नाही.

पाठमोऱ्या बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड केल्यावर खांद्याच्या पातळीवर किंवा वरून. पट्टा गळपट्टीच्या हाडापाशी चिमटीत धरून पाहावा, चिमटीत आला तर तो सैल आहे. इथे आपल्या सवयी आड येतात. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून पट्टा जाऊ शकत नाही, आणि कुंचीची घडी मानेमागे येऊन डोके पुढे ढकलते. बाळाला साध्या कपड्यांत बांधावे, पट्टे घट्ट करावेत आणि मग दुपटे वरून पांघरावे. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या मानेच्या उशा आणि गाद्या, आसनासोबत आलेल्या नसतील तर, लावू नयेत.

नवजात बाळासाठी आसनाची पाठ सुमारे ४५ अंशांपर्यंत कललेली हवी. फार उभी असेल तर झोपेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. म्हणूनच सलग दोन तासांहून जास्त वेळ बाळाला आसनात ठेवू नये, पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासाच्या वर नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. घरी पोचल्यावर बाळ झोपलेले असले तरी उचलून पाळण्यात किंवा अंथरुणावर ठेवावे. लेकीचे बाळंतपण माहेरी होते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी जायचा प्रवास पुणे-नागपूर किंवा मुंबई-सावंतवाडी इतका लांबचा असतो. अशा वेळी पाजण्यासाठी आणि बाळाला आडवे करण्यासाठी थांबे आधीच धरून निघावे. पाजायचे ते गाडी उभी करूनच. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीतले बकल चटका देण्याइतके तापते, ते हाताने पाहूनच बाळाला बसवावे. बंद गाडीत बाळाला ‘दोन मिनिटांसाठी’ देखील एकटे सोडू नये.

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी वस्तू आणू नयेत, असे अनेक घरांत मानतात. त्यामुळे कार सीट आलीच तर बारशाच्या भेटीत येते आणि दवाखान्यातून घरी येण्याचा पहिला प्रवास मांडीवरच होतो. ही भावना सांभाळूनही मार्ग निघतो. आसन पसंत करून दुकानातच ठेवायला सांगावे आणि बाळ झाल्यावर मामाने किंवा काकाने ते गाडीत बसवून आणावे.

कायदा : मोटार वाहन सुधारणा अधिनियम, २०१९ मधील कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाविना नेल्यास वाहन चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. हे कलम १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा राज्यभर झाली, मुलांच्या आसनाचा विषय मात्र तेव्हाही बाजूलाच राहिला. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत बालसुरक्षेला स्वतंत्र ४९ गुण आणि वेगळे तारे आहेत. गाडी घेताना मोठ्यांच्या ताऱ्यांबरोबर तेही पाहावेत.

परदेशातून आणलेले आसन : अमेरिकेत अनेक रुग्णालये कार सीट असल्याची खात्री केल्याशिवाय नवजात बाळाला गाडीतून घरी पाठवत नाहीत. तिथे लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला गेलेल्या आजी-आजोबांना हे पहिल्याच दिवशी कळते. तिकडचे आसन इकडे आणताना एक फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकी गाड्यांचे मागचे पट्टे पूर्ण ओढले की जागच्या जागी अडकतात. आपल्याकडचे बहुतेक पट्टे फक्त झटका बसल्यावर अडकतात, एरवी सैल होत राहतात. त्यामुळे आसनातच पट्टा अडकवणारी खिट्टी आहे का ते पाहावे, नसेल तर उत्पादकाने दिलेली धातूची क्लिप पट्ट्याला लावावी. अमेरिकी आसनांवर छातीशी काखेच्या पातळीला लावायची आणखी एक क्लिप असते. ती पोटावर घसरलेली चालत नाही.