अपत्यांच्या थकीत पोटगीची वसुली (भारतीय कायदा)

अपत्याच्या निर्वाहासाठी न्यायालयाने ठरवून दिलेली रक्कम जबाबदार व्यक्तीने न भरल्यास ती सक्तीने मिळवून देण्याची कार्यवाही. भारतात ती मुख्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (अंमल १ जुलै २०२४ पासून) हिच्या कलम १४४ व १४७ खाली चालते. तत्पूर्वी ह्याच तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ हिच्या कलम १२५ व १२८ मध्ये होत्या. औरस आणि अनौरस अशा दोन्ही अपत्यांना त्यांचा लाभ मिळतो.

तरतुदीच्या मूळ हेतूविषयी मतभेद आहेत. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ती आढळते. पुढे १८७२ ची संहिता घडविणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तिचे वर्णन निराधार भटकेपणा, निदान त्याचे परिणाम, टाळण्याचा उपाय असे केले. त्यावरून काही अभ्यासक तिचे नाते इंग्लंडमधील दारिद्र्यविषयक कायद्यांशी जोडतात. अनौरस अपत्याच्या पोषणाचा भार सार्वजनिक निधीवर पडू नये म्हणून तो आईबापांवर टाकण्याची तजवीज तेथे १५७६ मध्येच झाली होती. उलट, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७८ च्या निकालात ही तरतूद सामाजिक न्यायाची मानून संविधानाच्या अनुच्छेद १५(३) (स्त्रिया व बालकांसाठी विशेष तरतुदी) व ३९ (राज्याची धोरणतत्त्वे) यांच्या कक्षेत आणली. उगम पहिल्या मतानुसार व आजचा अर्थ दुसऱ्या मतानुसार लावणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण थकबाकी दंडासारखी वसूल करण्याची रीत जुन्या हेतूशीच जुळते.

आदेश मोडल्यास दंडाधिकारी वसुलीचे वॉरंट काढतो. त्यानुसार जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री होते, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल केली जाते. वॉरंट बजावूनही बाकी राहिलेल्या प्रत्येक महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत, अथवा त्याआधी पैसे भरल्यास तोपर्यंत, कारावास देता येतो. ह्या शब्दरचनेवरून दीर्घ वाद झाला. १९९९ च्या एका संक्षिप्त निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकावेळी एक महिन्याची मर्यादा सांगितली. काही उच्च न्यायालयांनी मात्र प्रत्येक थकीत महिन्यासाठी स्वतंत्र कारावास शक्य मानला, आणि कलमाच्या भाषेला हाच अर्थ अधिक जवळचा आहे. तुरुंगवासाने देणे फिटत नाही, तो केवळ वसुलीचा मार्ग आहे, हे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे स्पष्ट केले. मुलाची भूक आणि शाळा बापाच्या कैदेने थांबत नसल्याने हा खुलासा अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

रक्कम देय झाल्यापासून एक वर्षात अर्ज न केल्यास वॉरंट काढता येत नाही. ह्यामुळे मूळ हक्क नष्ट होत नाही, फक्त ही विशिष्ट कार्यपद्धती उपलब्ध राहत नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लावला.

दिवाणी मार्गाने दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगार जप्त करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक-तृतीयांश भागच जप्तीपासून मुक्त असतो. इतर ऋणकोंना मिळणारे संरक्षण ह्याहून बरेच मोठे आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम २०(६) नुसार मालकाला पगाराचा भाग थेट पीडितेला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश देता येतो. नियमित नोकरी असेल तेथे हे उपाय परिणामकारक ठरतात. रोजंदारीवर किंवा रोखीच्या धंद्यात मिळकत सिद्ध करणेच अवघड जाते. म्हणून ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचे निर्देश दिले.

देणेकरी परदेशात असल्यास मार्ग अरुंद होतो. पोटगी आदेश अंमलबजावणी अधिनियम, १९२१ हा एकमेकांचे आदेश अंमलात आणण्याची परस्पर व्यवस्था असलेल्या प्रदेशांपुरताच लागू होतो, आणि बालकांच्या पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीबाबतच्या २००७ च्या हेग करारात भारत सामील नाही.